मंदीत डिपार्टमेंट स्टोअरला जास्त फटका बसतो की स्वस्त दुकानांना?

जास्त फटका डिपार्टमेंट स्टोअरला बसतो. स्वस्त दुकानांचा धंदा अशा काळात बहुधा टिकतो, कधी वाढतोही. अमेरिकेतलं 2008 साल बघा. त्या मंदीच्या वर्षी डाऊ जोन्स या शेअर निर्देशांकातल्या 30 कंपन्यांपैकी फक्त वॉलमार्ट (स्वस्त दुकानांची साखळी) आणि मॅकडोनाल्ड्स या दोघांचेच शेअर वर गेले. मेसीज, सिअर्स, जेसी पेनी या डिपार्टमेंट स्टोअरची विक्री मात्र घसरली. फरक मालात आहे. कपडे, अत्तरं, फर्निचर यांची खरेदी पुढे ढकलता येते, साबण-तेल-दूध यांची नाही. त्यात डिपार्टमेंट स्टोअर हंगामाच्या ऑर्डरी काही महिने आधीच देऊन बसतात. गिऱ्हाईक आलं नाही की माल पडून राहतो, मग सेल लावावा लागतो आणि नफा तिथेच जातो. स्वस्त दुकानांकडे उलट नवं गिऱ्हाईक येतं, हात आखडता घेतलेला मध्यमवर्ग. टार्गेट हेसुद्धा स्वस्तातलंच दुकान, पण तिथे कपडे आणि घरसजावटीचा वाटा मोठा, म्हणून 2008 मध्ये ते वॉलमार्टपेक्षा जास्त पोळलं.

पण नुसतं स्वस्त असणं पुरत नाही. केमार्टने जानेवारी 2002 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, ब्रिटनमधल्या वूलवर्थ्सची दुकानं जानेवारी 2009 पर्यंत बंद झाली. आणि मंदीऐवजी महागाई असेल तर हिशोब बदलतो: डॉलर स्टोअर म्हणजे अमेरिकेतल्या अगदी स्वस्त दुकानांचं गरीब गिऱ्हाईक फक्त खाण्यापिण्याचं घेतं, ज्यात दुकानाला सुटतं फार थोडं.