विचारा वकीलताईंना : बॉण्ड नव्हता, मग करार झाला का?

या वेळची पत्रं चार. चौघांच्याही मनात एकच गाठ आहे: बॉण्ड केला तर करार, नाही केला तर हवा. पस्तीस वर्षं अंबाजोगाईच्या कोर्टात काळा कोट घालते आहे, ही गाठ सुटता सुटत नाही. चौथं पत्र शेवटी थोडक्यात उरकलंय, त्या वाचकाने राग मानू नये.

प्रश्न : ताई, बदनापूर तालुक्यात माझी मोसंबीची बाग आहे. जालन्याच्या एका व्यापाऱ्याला आंबे बहार सव्वाचार लाखाला उक्ता दिला. पन्नास हजार इसार दिला, वहीच्या पानावर त्यानंच आकडा लिहून सही केली. नंतर दर पडले. तो तोडणीला येईना, फोन उचलेना. पाच आठवडे वाट पाहिली, फळगळ सुरू झाली, शेवटी उरलेला माल दुसऱ्याला दोन लाख दहा हजाराला दिला. आता पहिला व्यापारी म्हणायलाय, बॉण्डच नव्हता, तर करार कसला? इसार परत टाका.

उत्तर : इसार परत टाकू नका. निदान हे उत्तर पुरतं वाचेपर्यंत तरी.

बॉण्ड म्हणजे सरकारचं मुद्रांक शुल्क भरल्याची खूण. 2024 मध्ये शंभराचा गेला, पाचशेचा आला, पण काम तेच. करार मात्र दोघांच्या बोलण्यातून जन्मतो. एकाने देऊ केलं, दुसऱ्याने मान्य केलं, बदल्यात काही द्यायचं ठरलं, दोघं सज्ञान होते आणि कुणावर जबरदस्ती नव्हती, की झाला करार. तोंडी झाला तरी चालतो. पाडव्याला गड्याचं साल ठरतं तेव्हा कोण बॉण्ड आणतं? अडतीवर सोयाबीनचं माप होतं तेव्हा?

जमिनीचा व्यवहार असता तर मी वेगळं बोलले असते. पण 1908 च्या नोंदणी कायद्याने जंगम, म्हणजे हलवता येणाऱ्या, मालमत्तेची व्याख्या करताना 'झाडावरचं फळ आणि झाडातला रस' मुद्दाम जंगमात टाकलाय. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, लिहिणाऱ्याने कधीतरी ताडाखाली बसून नीरा घेतली असणार. म्हणजे तुमच्या बहाराला नोंदणीची गरज नाही. वहीचं पान, त्यावरची सही आणि बँकेतून आलेले पन्नास हजार, एवढा पुरावा मला पुरे आहे. व्हॉट्सॲपवर काही बोलणं झालं असेल तर पुसू नका. मोबाइल बदलू नका. नव्या साक्ष अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते तुमचे वकील करतील.

दर पडले म्हणून व्यापारी सुटत नाही. 1872 च्या करार कायद्याचं 56 वं कलम म्हणतं की करार पाळणंच अशक्य झालं तर तो संपतो. पण तोट्यात जाणं म्हणजे अशक्य होणं नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वीच सांगून ठेवलंय. दर वाढले असते तर तो तुम्हाला जादा देणार होता का?

आता कडू भाग. कलम 73 प्रमाणे करार मोडणाऱ्याकडून नुकसान मागता येतं. तुम्ही साधा हिशेब मांडाल: सव्वाचार लाखातून इसार पन्नास हजार वजा, नंतर आलेले दोन लाख दहा हजार वजा, राहिले एक लाख पासष्ट हजार. पण न्यायाधीश पहिला प्रश्न विचारतील, पाच आठवडे काय करत होतात? नुकसान कमी करायची वाट समोर असताना ती घेतली नाही, तर तेवढा भाग तुमच्या पदरात पडत नाही. आठव्या दिवशी त्याला नोटीस देऊन 'अमुक तारखेपर्यंत तोडणी कर, नाहीतर माल दुसऱ्याला देईन, फरक तुझ्याकडून घेईन' असं कळवलं असतं, तर आज तुमचा दावा भक्कम असता. इसाराचंही तेच, जप्त करायचा हक्क आहे, पण कलम 74 प्रमाणे कोर्ट 'वाजवी' किती ते बघतं. नोटीस आता तरी पाठवा, स्पीड पोस्टाने, पोच पावतीसह. दाव्याला करार मोडल्यापासून तीन वर्षं असतात.

प्रश्न : (केज तालुक्यातून, शेजारच्या मुलीने लिहून दिलेलं पत्र) मालक (माझा नवरा) आणि मी दरसाल कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जातो. या वर्षी उचल (आगाऊ रक्कम) एक लाख घेतली, मुकादमाने दोघांचा अंगठा कोऱ्या बॉण्डवर घेतला. मालक फडातच आजारी पडून वारले. मुकादम म्हणतो, सत्तर हजार फिटले नाहीत, पुढच्या पट्ट्याला (हंगामाला) सोळा वर्षांच्या पोराला माझ्यासोबत कोयत्यावर लावा, नाहीतर घर लिहून द्या. रोज सांजच्याला दारात येऊन बसतो.

उत्तर : बाई, तुमच्या लेकाला जायचं नाही. आधी हे, मग कायदा.

अठरा वर्षांखालचं मूल करार करू शकत नाही. 1903 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सर्वांत वरच्या न्यायालयाने, मोहरी बीबीच्या खटल्यात ठरवलं की अज्ञानाने, म्हणजे अठरा वर्षांखालच्याने, केलेला करार मुळातूनच शून्य असतो. तुमचा मुलगा या व्यवहारात होताच कुठे? त्याचा अंगठा नाही, त्याचं नाव नाही. आणि मेलेल्या बापाची मजुरी मुलाने पुरी करावी असं कायद्यात कुठेच नाही. पैशाचं देणं मयताच्या मालमत्तेपुरतं वारसांपर्यंत येऊ शकतं. अंगमेहनत येत नाही.

राहिला तुमचा अंगठा. कोऱ्या बॉण्डवर नंतर काय भरलं ते मला माहीत नाही, तुम्हालाही नाही. मुकादमाकडे हिशेब मागा: कारखान्याच्या नोंदीत किती टन ऊस पडला, टनाला काय दर, कमिशन किती कापलं, उचलीतून किती वळते केले. तोंडी नको, कागदावर. सत्तर हजार हा आकडा त्याने कुठून आणला ते त्यालाच सिद्ध करावं लागेल.

आता मुख्य गोष्ट. उचल देऊन त्या बदल्यात माणसाला राबायला भाग पाडणं, दुसरीकडे जाऊ न देणं, घरातल्या दुसऱ्याला जुंपणं, याला 1976 च्या वेठबिगार पद्धत निर्मूलन कायद्यात वेठबिगारी म्हणतात. ती ठरली की ते कर्जच संपतं. फेडायचं राहत नाही, आणि वसुलीसाठी कोर्टातही जाता येत नाही. वेठबिगारी करायला लावणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बॉण्डवर काहीही लिहिलेलं असो. दोघांनी ठरवलं म्हणून सगळं करार होत नाही, बेकायदेशीर हेतूचा करार करार कायद्याच्या 23 व्या कलमाने तिथेच मरतो.

जिल्हाधिकाऱ्यांच्या नावाने अर्ज द्या, प्रत तहसीलमध्ये. वकिलाला पैसे नकोत. बाईमाणसाला उत्पन्न कितीही असो, विधी सेवा कायद्याने मोफत वकील मिळतो. तालुका कोर्टाच्या आवारात विधी सेवा समिती असते, फोन 15100. आणि तो दारात बसतो तेव्हा एकटीने बोलू नका. त्या शेजारच्या मुलीला सोबत घ्या, तिचं अक्षर चांगलं आहे, तारीख-वार लिहून ठेवू द्या.

एक कबुली. मी मुकादमांचीही वकीलपत्रं घेतली आहेत. एकाच जोडप्याने तिघांकडून उचल घेतली आणि चौथ्याच्या गाडीत बसून गेलं, असे मुकादम माझ्यासमोर रडलेत. मुकादमाने कारखान्याकडून स्वतःच्या सहीवर रक्कम उचललेली असते, ती त्याच्या अंगावर येते. त्यांचं दुःख खोटं नाही. पण त्यांनी पैशाचा दावा लावावा. पोर मागू नये.

प्रश्न : मी नांदेडचा, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत लागलो. दोन वर्षांचा बॉण्ड, आधी सोडलं तर दोन लाख. शिवाय सोडल्यावर वर्षभर तत्सम कंपनीत जायचं नाही, असंही लिहून घेतलंय. पदवीची मूळ कागदपत्रं त्यांच्याकडे आहेत. चौदा महिने झाले, दुसरीकडे चांगली ऑफर आली आहे.

उत्तर : तीन गोष्टी आहेत, तिन्ही वेगळ्या.

वर्षभर कुठे जायचं नाही, ही अट करार कायद्याच्या कलम 27 प्रमाणे चालत नाही. क्रिकेटपटू झहीर खान यांच्या खटल्यात 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटलं, करार संपल्यानंतर माणसाचे हात बांधता येत नाहीत.

दोन लाखांचं तसं नाही. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा, दोन लाखांचा बॉण्ड वैध ठरवला. ती बँक होती, भरतीचा खर्च मोठा होता, तुमच्या कंपनीची गोष्ट वेगळी असू शकते. कंपनीने तुमच्या प्रशिक्षणावर खरंच काय खर्च केला ते लेखी विचारा. चौदा महिने सेवा झाली आहे, रक्कम कमी करून घ्यायला जागा आहे. बहुतेक प्रकरणं वाटाघाटीतच मिटतात.

मूळ कागदपत्रं तुमची आहेत. ओलीस ठेवायला ती सोनं नव्हेत. आजच ईमेलने मागा.

प्रश्न : मेहुण्याला 2020 मध्ये दीड लाख हातउसने दिले, चिठ्ठी आहे. मागायला लाज वाटली. आता मुदत गेली म्हणतात.

उत्तर : गेली. पण मुदत संपलेलं कर्जही 'देतो' असं लेखी, सहीनिशी कबूल केलं तर करार कायद्याच्या कलम 25 प्रमाणे तो नवा करार होतो, आणि तीन वर्षं पुन्हा सुरू होतात. तोंडी कबुली इथे चालत नाही, जेवणाच्या पंगतीत दिलेली तर नाहीच. बहिणीला मध्ये न घालता त्याच्याकडून दोन ओळी लिहून घ्या: रक्कम, तारीख, सही.

जाता जाता, मागच्या अंकावर परळीच्या एका आजोबांनी विचारलं होतं की त्यांच्या घरातला निजामाच्या काळातला उर्दू इकरारनामा (करारपत्र) चालतो का. हा करार कायदा 1872 चा असला तरी आपल्याकडे तो 1951 मध्ये लागू झाला. हैदराबाद संस्थानाचा कायदा वेगळा होता. आजोबा, कागद घेऊन या. उर्दू वाचणारे एक जुने कारकून अजून हयात आहेत, चहा मात्र तुम्हाला पाजावा लागेल.