ओपन सोर्स प्रकल्पाचं खातं गिटहबसारख्या कोड ठेवणाऱ्या होस्टिंगवाल्यांच्या बॉटने अचानक बंद केलं तर काय करायचं?

तुम्ही लिहिलंय की रेपो (प्रकल्पाच्या कोडचा साठा) तुम्हाला नीट दिसतो, पण बाकीच्यांना ४०४, म्हणजे "पान सापडलं नाही" असं येतं. म्हणजे बहुधा काही डिलीट झालेलं नाही, खातं स्पॅम म्हणून फ्लॅग होऊन इतरांपासून लपवलं गेलंय. इनकॉग्निटोमध्ये, म्हणजे लॉगिन नसताना, उघडून खात्री करा. वैताग याचा की मालकाला अनेकदा कुणी कळवतही नाही. आमच्या प्रकल्पात एकाने "लिंक मेली का?" असं विचारलं, तेव्हा पत्ता लागला.

कोडची चिंता करू नका. ज्याच्याकडे पूर्ण क्लोन, म्हणजे रेपोची आपल्या संगणकावर उतरवलेली प्रत आहे त्याच्याकडे सगळा इतिहास आहे. अडकतात ते इश्यू (तक्रारी-सूचनांच्या नोंदी), पुल रिक्वेस्टवरच्या (सुचवलेल्या कोडबदलांवरच्या) चर्चा आणि रिलीजच्या फाइली. त्या गिटमध्ये, म्हणजे कोडचा इतिहास ठेवणाऱ्या प्रणालीत, नसतातच, कंपनीच्या डेटाबेसमध्ये असतात. लॉगिन चालतंय तोवर एपीआयने (प्रोग्रामने माहिती मागायची सोय) आजच उतरवून घ्या. विकी (प्रकल्पाची माहितीची पानं) मात्र वेगळा गिट रेपो असतो, तोही क्लोन करा. हा हमखास विसरला जातो.

अपील एकच करा. त्यात प्रकल्पाचा परवाना, तो कधीपासून चालू आहे आणि अलीकडे एखाद्या स्क्रिप्टने धडाधड इश्यू उघडले का, हे लिहा. वैतागून नवं खातं काढू नका. गिटहबच्या अटींत माणशी एकच फुकट खातं चालतं, शिवाय ती पळवाट समजली जाते.

फुकट सीआयवर (कोड आपोआप तपासणाऱ्या होस्टच्या संगणकांवर) क्रिप्टो मायनिंग करणाऱ्यांनी २०२१ च्या सुमारास उच्छाद मांडला होता, त्यामुळे फिल्टर कडक असणारच. पण सुक्याबरोबर ओलंही जळतं. २०२० मध्ये ऑरेलिया या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कवर गिटहबने अमेरिकी निर्बंधांच्या नावाखाली चुकून बंदी घातली. ट्विटरवर बोंबाबोंब झाल्यावर तेव्हाचे सीईओ नॅट फ्रीडमन यांनी जाहीर माफी मागितली. मार्च २०२५ मध्ये ऑरगॅनिक मॅप्स या नकाशा ॲपचं गिटहबवरचं खातं अडलं, तेव्हा ती मंडळी थेट स्वतःच्या सर्व्हरवर, फोर्जेयो या गिटहबसारख्या मुक्त सॉफ्टवेअरवर गेली. मला हा दुसरा मार्ग जास्त पटतो; आपल्यासारख्यांच्या ट्विटकडे कुठला सीईओ बघणार आहे?

खातं सुटलं की ऑर्गनायझेशनला (प्रकल्पाच्या सामायिक खात्याला) दुसरा ओनर नेमा, कोडबर्ग या दुसऱ्या होस्टवर मिरर, म्हणजे हुबेहूब प्रत ठेवा आणि डाउनलोडच्या लिंका स्वतःच्या डोमेनवरून द्या. मग होस्ट बदलला तरी वापरणाऱ्यांच्या लिंका तुटणार नाहीत.