'धर्मरक्षक' की 'प्रतिपालक'? राजे चार्ल्स यांच्या बिरुदाविषयी

प्रश्न असा आला आहे: ब्रिटनच्या राजे चार्ल्स यांच्या बिरुदावलीत 'डिफेंडर ऑफ द फेथ' असे शब्द आहेत. मराठी बातम्यांत त्याचे 'धर्मरक्षक' होते, ते बरोबर का? आणि त्यांना 'परंपरावादी' म्हणतात ते कोणत्या अर्थाने?

आधी नावाचे बघू. 'चार्ल्स तिसरे' असे सर्रास छापले जाते. पण मराठीत क्रम आधी येतो आणि नाव मागून: दुसरा पुलकेशी, दुसरा बाजीराव, सातवा एडवर्ड. म्हणून 'तिसरे चार्ल्स' लिहावे.

आता बिरुद. २०२२ सालचे पन्नास पेन्सचे ब्रिटिश नाणे पाहा. राजांचा चेहरा डावीकडे वळलेला आहे आणि कडेने नावापुढे 'डी. जी. रेक्स एफ. डी.' अशी लॅटिन आद्याक्षरे आहेत. म्हणजे 'देवाच्या कृपेने राजा, धर्माचा रक्षक'. यातले 'एफ. डी.' पाचशे वर्षांचे जुने आहे. इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजाने पोपच्या सत्तेला आव्हान देणाऱ्या मार्टिन लूथरच्या विरोधात ग्रंथ लिहिला, त्यावर खूश होऊन पोप दहाव्या लिओने १५२१ मध्ये त्याला हा किताब दिला. पुढे हेन्रीनेच रोमशी फारकत घेतली. पोपने किताब काढून घेतला, तर पार्लमेंटने कायदा करून तो पुन्हा बहाल केला. तेव्हापासून 'तो धर्म' म्हणजे इंग्लंडच्या चर्चचा, अर्थात अँग्लिकन पंथाचा, धर्म.

खरी मेख इंग्रजीतल्या 'द' मध्ये आहे; तो एकच ठरावीक धर्म दाखवतो. १९९४ मध्ये, युवराज असताना, दूरचित्रवाणीवरच्या एका मुलाखतीत चार्ल्स म्हणाले की त्यांना हा 'द' गाळून नुसते 'श्रद्धेचे रक्षक' व्हायला आवडेल. एका उपपदावरून तिकडे केवढे वादळ उठले! आपल्याकडे असे उपपदच नाही. 'धर्मरक्षक' म्हटले की एक विशिष्ट धर्म की एकूण धर्मभावना, हे मराठी वाचकाला कळत नाही. उलट 'धर्म' या शब्दात शेजारधर्मापासून राजधर्मापर्यंत सगळे मावते. म्हणून माझे मत असे: अधिकृत बिरुदासाठी 'धर्मरक्षक' चालवावे, पण बातमीत एकदा तरी 'अँग्लिकन ख्रिस्ती पंथाचे' असा खुलासा करावा. १९९४ चे वाक्य मराठीत आणताना मात्र 'श्रद्धारक्षक' म्हणावे. दोन्हीकडे एकच शब्द वापरला तर वाद कशावरून झाला तेच समजणार नाही.

'रक्षक' या शब्दाचेही थोडे बघायला हवे. रक्षण म्हटले की कोणापासून तरी. हेन्रीसमोर लूथर होता, तिथे हा शब्द नेमका बसतो. चार्ल्स यांच्या मनातली गोष्ट निराळी दिसते. २०१५ मध्ये बीबीसी रेडिओवर त्यांनी आपले म्हणणे उलगडले: स्वतःच्या पंथाचे रक्षण करता करता इतर श्रद्धांचेही रक्षण करता येते. राज्यावर आल्यावर काही दिवसांतच त्यांनी बकिंगहॅम राजवाड्यात सर्व धर्मांच्या प्रतिनिधींना बोलावले, स्वतःला निष्ठावान अँग्लिकन म्हणवून घेतले आणि श्रद्धेला मोकळी जागा राखणे हे आपले कर्तव्य मानले. ६ मे २०२३ च्या राज्याभिषेकात प्रोटेस्टंट धर्म राखण्याची शपथ कायद्याप्रमाणे झालीच, पण राजाची अंगठी पुढे केली हिंदू लॉर्ड पटेल यांनी आणि हातमोजा शीख लॉर्ड सिंग यांनी. या भूमिकेला आपल्या जुन्या बिरुदांतला 'प्रतिपालक' हा शब्द किती छान बसतो! प्रतिपालनात राखणे आहे आणि पोसणेही आहे. 'श्रद्धांचा प्रतिपालक' असे कोणी लिहिले तर मी त्याला दाद देईन.

पोसण्याची बाजू तर त्यांच्या आयुष्यात फार मोठी आहे. १९७६ मध्ये नौदल सोडताना हाती आलेल्या ७,४०० पौंडांतून त्यांनी 'प्रिन्सेस ट्रस्ट', म्हणजे 'युवराजांचा न्यास', सुरू केला. शाळा सुटलेल्या, काम न मिळालेल्या तरुणांना धंद्यासाठी आणि शिक्षणासाठी हात देणारी ही संस्था पुढे दहा लाखांहून अधिक मुलांपर्यंत पोचली. या कामाला बातम्यांत 'चॅरिटी' किंवा 'समाजसेवा' म्हणतात. मराठीत दान हे धर्माच्याच घरचे आहे: दानधर्म, धर्मशाळा, धर्मार्थ दवाखाना, आणि सरकारी कागदावर आजही धर्मादाय आयुक्त. म्हणजे आपला 'धर्मरक्षक' शब्द चार्ल्स यांच्या या बाजूलाही नकळत कवेत घेतो. इंग्रजी 'फेथ'ला ते जमत नाही.

राहिला 'परंपरावादी'. हा शब्द मला इथे घातक वाटतो. मराठीत परंपरावादी म्हणजे रूढी न सोडणारा, सुधारणेला विरोध करणारा. चार्ल्स यांना भावलेला, इंग्रजीत 'ट्रॅडिशनलिस्ट' म्हणतात तो विचार वेगळा आहे. फ्रान्समध्ये जन्मून कैरोत स्थायिक झालेले रने गेनों, कोलंबोत जन्मलेले आनंद कुमारस्वामी यांच्यासारख्या विचारवंतांचे म्हणणे असे की, सर्व धर्मांच्या मुळाशी एकच कालातीत ज्ञान आहे आणि ते प्रत्येक धर्मात गुरूकडून शिष्याकडे उतरत येते. याच वळणाच्या कवयित्री कॅथलीन रेन यांनी स्थापन केलेल्या 'टेमेनॉस अकादमी'चे चार्ल्स आश्रयदाते झाले. टेमेनॉस म्हणजे ग्रीक देवळाचे पवित्र आवार. लंडनमध्ये त्यांनी पारंपरिक कलांची शाळा उभी केली. तिथे विद्यार्थी आधी कंपास आणि पट्टीने इस्लामी भूमितीची नक्षी काढायला शिकतात, खनिजे घोटून रंग करतात, मग लघुचित्र किंवा फरशीकामाकडे वळतात. हात आणि ध्यान यांची फारकत होऊ नये, हा त्यामागचा आग्रह आहे.

हे मराठी माणसाला परके नाही. आपण 'नाथपरंपरा', 'वारकरी परंपरा' म्हणतो तेव्हा रूढी नव्हे, अशी उतरत आलेली साधनाच म्हणायची असते. मुंबईच्या डबेवाल्यांना चार्ल्स २००३ मध्ये चर्चगेटला भेटले, चार्ल्स यांच्या २००५ च्या लग्नाला डबेवाल्यांचे प्रतिनिधी लंडनला गेले, आणि राज्याभिषेकासाठी डबेवाल्यांनी भेट म्हणून निवडली ती पुणेरी पगडी आणि वारकरी उपरणे. तेव्हा बातमीत 'परंपरावादी राजा' न लिहिता 'परंपरानिष्ठ' किंवा 'आध्यात्मिक परंपरांचे अभ्यासक' लिहावे. पहिला शब्द मथळ्यात सुटसुटीत बसतो, दुसरा आतल्या मजकुरात.