पल्पचा ‘मोअर’ ऐकायचा का?

‘मोअर’ म्हणजे पल्प या ब्रिटिश रॉक बँडचा अल्बम. ऐक, पण सुरुवात तिथून करू नकोस. आधी १९९५चा ‘डिफरंट क्लास’ दोन-तीनदा कानावरून जाऊ दे, मग १९९८चा ‘धिस इज हार्डकोअर’. तो जरा जड आहे, घाई करू नकोस.

‘मोअर’ २०२५ मध्ये आला, आधीच्या अल्बमनंतर तब्बल २४ वर्षांनी. इतक्या खंडानंतर परतलेल्या बँडकडून मी सहसा आशा धरत नाही. जुन्या गाण्यांच्या जिवावर कॉन्सर्ट भरवायच्या आणि नवा अल्बम नावापुरता, हेच बहुतेकांचं. इथे तसं नाही. बँडचा गायक जार्व्हिस कॉकर साठीत आलाय आणि तरुण असल्याचं सोंग आणत नाही. ‘ग्रोन अप्स’ हे गाणं ऐक. वय वाढण्याबद्दल इतकं खवचट आणि तरी हळवं लिहिणं त्यालाच जमतं. बास वाजवणारा स्टीव्ह मॅकी २०२३ मध्ये गेला, अल्बम त्यालाच अर्पण केलाय.

‘स्पाइक आयलंड’ पहिल्याच फटक्यात आवडेल. मधली संथ गाणी रेंगाळतात (माझं मत, भांडू नका), ती नंतर ऐकलीस तरी चालेल. फक्त दुसरं ‘कॉमन पीपल’ (त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं) शोधत बसू नकोस, आणि ऐकताना गाण्यांचे शब्द समोर ठेव. पल्पची अर्धी गंमत त्यातच असते.