तीव्र अतिनील आकाशाची यादी: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या लेखात एक्स्ट्रीम अल्ट्राव्हायोलेट एक्सप्लोरर, म्हणजे ईयूव्हीई, या नासाच्या उपग्रहाचा ओझरता उल्लेख आला होता. साधारण ७ ते ७६ नॅनोमीटर तरंगलांबीच्या, म्हणजे तीव्र अतिनील पट्ट्यात त्यानं सगळं आकाश धुंडाळलं आणि सापडलेल्या स्रोतांची यादी केली. त्यावर आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत.

प्रश्न: हायड्रोजनचा अणू ९१.२ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश शोषून घेतो आणि ताऱ्यांमधली जागा मुख्यतः हायड्रोजननंच भरलेली आहे, असं आम्ही शिकलो. मग या पट्ट्यात सूर्याखेरीज काही दिसलंच कसं? (बीएस्सीची विद्यार्थिनी, नाशिक)

नेमका हाच आक्षेप १९५९ साली खगोलशास्त्रज्ञ लॉरेन्स अ‍ॅलर यांनी मांडला होता आणि बरीच वर्षं तो शेवटचा शब्द मानला गेला. गणित तुम्हालाही करता येईल. दर घनसेंटीमीटरला हायड्रोजनचा एक अणू धरा. ९१.२ नॅनोमीटरच्या प्रकाशासाठी एका अणूचं शोषणक्षेत्र सुमारे ६.३ × १०⁻¹⁸ चौरस सेंटीमीटर असतं. म्हणजे तो किरण प्रकाशवर्षाच्या जेमतेम सहाव्या हिश्शात निम्म्याहून जास्त क्षीण होतो. सर्वात जवळचा तारा चार प्रकाशवर्षांहून दूर, तेव्हा आशाच नको.

गणित बरोबर होतं, गृहीतक चुकलं. वायू सगळीकडे सारखा पसरलेला आहे असं धरलं होतं. प्रत्यक्षात तो घाटातल्या धुक्यासारखा आहे: एका वळणावर काही दिसत नाही आणि पुढच्या वळणावर थेट दरीचा तळ दिसतो. सूर्य ज्या भागात आहे तिथे काहीशे प्रकाशवर्षं पसरलेली एक विरळ पोकळी आहे. दुसरी गोष्ट म्हणजे, तरंगलांबी निम्मी झाली की हायड्रोजनचं शोषण जवळपास आठपट घटतं. हेलियम ५०.४ नॅनोमीटरपासून आडवा येतो हे खरं, तरी १० नॅनोमीटरच्या आसपास बरीच वाट मोकळी राहते. १९७४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतल्या गटानं हे हिशेब नव्यानं मांडले. पुढच्याच वर्षी, जुलै १९७५ मध्ये, अपोलो-सोयुझ मोहिमेतल्या त्यांच्या छोट्या दुर्बिणीला चार तारे दिसले: एचझेड ४३ आणि फायगे २४ हे तप्त श्वेतबटू (इंधन संपलेल्या ताऱ्यांचे उरलेले घट्ट गाभे), एसएस सिग्नी ही ताऱ्यांची जोडी आणि आपला शेजारी प्रॉक्सिमा. चारच, पण खिडकी उघडी आहे हे सिद्ध करायला एवढे पुरेसे होते.

प्रश्न: यादी करायची म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं? फोटो काढून ठिपके मोजायचे का? (निवृत्त शिक्षक, सांगली)

तेवढं सरळ नाही. हे किरण नेहमीच्या आरशावर सरळ पडले तर आरसा ते शोषून घेतो. म्हणून ते आरशाला अगदी घासून जातील अशा तिरक्या कोनात वळवावे लागतात. पुढे पातळ पडद्यांचे फिल्टर आणि मग एकेक फोटॉन मोजणारा डिटेक्टर. ७ जून १९९२ रोजी डेल्टा रॉकेटनं सुटलेल्या ईयूव्हीईवर अशा तीन सर्वेक्षण दुर्बिणी होत्या आणि चौथी खोल निरीक्षणासाठी व वर्णपटासाठी. उपग्रह स्वतःभोवती सावकाश फिरत राही, त्यामुळे या तीन दुर्बिणींची नजर सूर्याच्या दिशेशी काटकोनात असलेल्या मोठ्या वर्तुळावरून सरकत जाई. पृथ्वी सूर्याभोवती पुढे जाते तसं ते वर्तुळही सरकतं, आणि सहा महिन्यांत सगळं आकाश झाडून होतं. चौथी दुर्बीण तेव्हा सूर्याच्या बरोबर उलट दिशेला, पृथ्वीच्या सावलीत बघत असे. पृथ्वीभोवतीच्या हेलियमची स्वतःची चमक ३०.४ आणि ५८.४ नॅनोमीटरला त्रास देते. ती सावलीत कमी होते.

हातात येते ती फोटॉनची नोंद: कुठून आला, केव्हा आला. मग आकाशातल्या प्रत्येक जागी विचारायचं की इथले फोटॉन आजूबाजूच्या पार्श्वभूमीपेक्षा खरोखर जास्त आहेत, की योगायोगानं जमलेत? ही सीमारेषा कुठे आखायची, हा यादीकारांचा सगळ्यात अवघड निर्णय. सैल ठेवली तर खोटे स्रोत घुसतात, घट्ट ठेवली तर खरे गळतात. शिवाय सगळी वर्तुळं क्रांतिवृत्ताच्या (सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक मार्गाच्या) ध्रुवांवर एकमेकांना छेदतात, त्यामुळे तिथे निरीक्षणाचा वेळ कितीतरी जास्त मिळतो. तिथे मंद स्रोतही सापडतात, दुसरीकडे तेवढेच मंद स्रोत निसटतात. कोणतीही यादी वाचताना ही असमानता लक्षात ठेवायलाच हवी.

प्रश्न: इंटरनेटवर कुठे ३८३ स्रोत लिहिलेत, कुठे ४१०, कुठे ७३४. खरा आकडा कोणता? (ठाणे)

सगळेच. ३८३ ही ब्रिटिश वाइड फील्ड कॅमेऱ्याची १९९३ची यादी. हा कॅमेरा जून १९९० मध्ये सुटलेल्या जर्मन रोसॅट उपग्रहावर होता. फेरतपासणीनंतर १९९५ मध्ये त्याच सर्वेक्षणातून ४७९ निघाले. ईयूव्हीईची पहिली यादी १९९४ची, ४१० स्रोतांची, आणि दुसरी १९९६ची, ७३४ स्रोतांची.

प्रश्न: या यादीतलं काही साध्या डोळ्यांनी दिसतं का? (हौशी निरीक्षक, सातारा)

दिसतं, आणि फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास तुमच्या गच्चीवरून उत्तम दिसतं. दक्षिणेला व्याध शोधा. त्याच्या खाली, क्षितिजाकडे, बृहल्लुब्धकातले तीन-चार ठळक तारे त्रिकोणासारखे दिसतात. त्यातला सगळ्यात तेजस्वी अधारा. सूर्य सोडला तर तीव्र अतिनीलात आपल्याला दिसणारा सर्वात प्रखर तारा हाच. अंतर सुमारे ४०० प्रकाशवर्षं, म्हणजे एवढ्या दुरून हा प्रकाश पोचायलाच नको होता. पण त्या दिशेला विरळ वायूचा एक लांब बोगदा आहे आणि अधारा नेमका त्या बोगद्याच्या दिशेत बसलेला आहे. सूर्याच्या आसपासच्या हायड्रोजनचं आयनीभवन करण्यात, म्हणजे अणूतला इलेक्ट्रॉन सुटा करण्यात, बाकी ताऱ्यांपेक्षा या एका ताऱ्याचा वाटा मोठा आहे, हेही ईयूव्हीईच्या मोजमापांतूनच कळलं. एवढ्या दूरच्या साध्या बी वर्गाच्या ताऱ्याकडून कुणी ही अपेक्षा केली नव्हती. म्हणूनच सगळं आकाश बघावं लागतं, फक्त आवडते तारे निवडून चालत नाही.

व्याधाची गंमत निराळी. आपल्याला दिसतो तो व्याध अ. पण या जोडीतून येणारा तीव्र अतिनील प्रकाश व्याध ब या श्वेतबटूचा आहे. दृश्य प्रकाशात तो जोडीदारापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी मंद असतो. ब्रह्महृदय आणि प्रश्वा हेही यादीत आहेत, मात्र तिथे प्रकाश येतो तो त्यांच्या तप्त करोनातून, म्हणजे सर्वात बाहेरच्या विरळ वातावरणातून.

प्रश्न: स्पष्टच विचारतो. याद्या करणं हे कारकुनी काम नाही का? शोध तर नंतर दुसरेच लावतात. (पुणे)

मला हे अजिबात मान्य नाही. एकच नोंद नीट पाहू. चषक तारकासमूहातला बीटा हा ए वर्गाचा, म्हणजे सूर्यापेक्षा तप्त, पांढरा तारा. रोसॅटच्या कॅमेऱ्याला त्याच्या जागी तीव्र अतिनील प्रकाश दिसला. यादीकारांना स्रोताची जागा ढोबळच कळते, पण तिथे एवढा ठळक तारा असल्यावर नाव लिहून पुढे जाणं सोपं होतं. ते पुढे गेले नाहीत. सूर्यासारख्या ताऱ्यांना तप्त करोना असतो, ए वर्गाच्या ताऱ्यांना तो जवळजवळ नसतोच. मग हा प्रकाश कुणाचा? १९९१ मध्ये उत्तर मिळालं: ताऱ्याच्या झगमगाटात एक तप्त श्वेतबटू दडलेला होता. पुढे याच युक्तिवादानं असे बरेच लपलेले जोडीदार सापडले. "या जागी हा तारा" एवढं लिहितानाही किती विचार लागतो, हे यातून दिसतं.

दुसरं उदाहरण म्हणजे आरई जे०३१७-८५३. हा श्वेतबटू याच सर्वेक्षणातून पुढे आला. वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.३ पट, प्रचंड चुंबकीय क्षेत्र, आणि जेमतेम बारा मिनिटांत स्वतःभोवती एक फेरी!

आणि जे सापडलं नाही, त्यानंही शिकवलं. रोसॅटच्या सर्वेक्षणात श्वेतबटू हजाराच्या घरात मिळतील असा अंदाज होता. मिळाले सुमारे १२०. शोधाशोध केल्यावर कळलं की खूप तप्त श्वेतबटूंच्या वातावरणात लोह, निकेल यांसारखी जड मूलद्रव्यं प्रारणाच्या दाबानं वर तरंगत राहतात आणि तीव्र अतिनील प्रकाश आतच अडवतात. गैरहजेरी मोजायची तर आधी हजेरी काटेकोर घ्यावी लागते. ते काम या याद्यांनी केलं.

प्रश्न: भारताची अशी दुर्बीण आहे का? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

या पट्ट्यात आकाश धुंडाळणारी नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये सुटलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅटवरची यूव्हीआयटी दुर्बीण अतिनीलात १३० ते ३०० नॅनोमीटर पाहण्यासाठी बनवलेली आहे. तरीही तिनं तीव्र अतिनील प्रकाश पकडला आहे. २०२० मध्ये पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले कनक साहा आणि सहकाऱ्यांनी एयूडीएफएस०१ या दीर्घिकेचा शोध जाहीर केला. तिथून निघालेला सुमारे ६० नॅनोमीटरचा प्रकाश विश्वाच्या प्रसरणामुळे ताणला जाऊन यूव्हीआयटीच्या पट्ट्यात आला. वाटेतल्या हायड्रोजनमधून निसटून तो इतक्या दूर पोचला, हीच त्यातली मोठी गोष्ट.

प्रश्न: ईयूव्हीई आज कुठे आहे? त्या जुन्या माहितीचा आता उपयोग काय? (सॅन होजे, कॅलिफोर्निया)

जानेवारी २००१ च्या अखेरीस त्याचं काम थांबवण्यात आलं आणि वर्षभरानं तो वातावरणात शिरून नष्ट झाला. त्यानंतर या पट्ट्यात पूर्ण आकाशाचं तसं सर्वेक्षण झालेलं नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण गरज आता वाढली आहे. परग्रहाचं वातावरण टिकेल की उडून जाईल, हे त्याचा तारा किती तीव्र अतिनील प्रकाश फेकतो यावर बरंच अवलंबून असतं. असं थेट मोजमाप मोजक्याच ताऱ्यांचं आहे, आणि त्यातलं बहुतेक ईयूव्हीईचं. बाकीच्यांसाठी क्ष-किरणांवरून किंवा लांब तरंगलांबीच्या अतिनीलावरून अंदाज बांधावा लागतो. नासाच्या संग्रहात ही माहिती सर्वांना खुली आहे. सुरुवात करायची तर एप्सिलॉन एरिडानीचा वर्णपट उतरवून घ्या. तारा फक्त साडेदहा प्रकाशवर्षांवर आहे, त्यामुळे वाटेतलं शोषण कमी आहे, आणि करोनातल्या लोहाच्या रेषा त्यात ओळखता येतात.