निर्बंधांच्या यादीतल्या (ज्यांच्याशी पैशाचा व्यवहार करायला बंदी आहे अशांच्या) नावाशी नाव जुळलं म्हणून बँकेने माझं पेमेंट आठवडाभर अडकवलंय. कॉम्प्युटर हे सेकंदात तपासतो ना, मग एवढा वेळ कशाला?

कॉम्प्युटर सेकंदात तपासतो, खरंय. पुढचं माणूस तपासतो, आणि ते काम मी बरीच वर्षं केलंय, म्हणून तुमचा प्रश्न जरा लागलाच.

मशीन फक्त सांगतं की नाव अमुक टक्के जुळतंय. अरबी नावं रोमन लिपीत जो तो आपल्या पद्धतीने लिहितो, एकट्या मोहम्मदची स्पेलिंगं बघा किती, त्यामुळे तंतोतंत जुळलं तरच अडवा म्हटलं तर खरा माणूस आरामात निसटणार आणि सैल ठेवलं तर निम्मं जग अडकणार. मग यादीतली नोंद उघडायची. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेची १२६७ ठरावाची यादी (ठराव १९९९ चा, अल कायदा आणि नंतर आयसिस) कुणालाही बघता येते, बघाच एकदा. जन्मतारखेच्या जागी कुठे नुसतं साल, कुठे 'अंदाजे', कुठे काहीच नाही. इकडे पेमेंटमध्ये समोरच्याचं नाव आणि नशीब असेल तर पत्ता. मग समोरच्या बँकेला विचारायचं आणि उत्तराची वाट बघत बसायचं. आठवडा तिथे जातो, आमच्या टेबलावर नाही.

आमच्याकडे एक आजोबा मुलाला दर महिन्याला पैसे पाठवायचे, मुलाचं नाव एकदम कॉमन, त्यामुळे दर महिन्याला अलर्ट. जन्मसालातच एका पिढीचा फरक, तरी तेच कारण परत परत टाइप करून सोडायचो. साहेब म्हणाले, नाव व्हाइटलिस्टमध्ये टाक आणि विषय संपव. मी म्हटलं टाकतो, पण हा माणूस आणि यादीतली ही नोंद अशी जोडी बांधून, दोन्हीपैकी काहीही बदललं की परत समोर आलं पाहिजे. त्यांना नुसतं नाव हवं होतं, म्हणजे त्या नावाचा कुणीही आला तरी मशीन गप्प! सगळ्यांसमोर म्हणाले, तुला काम वाढवायची हौसच आहे. शेवटी ऑडिटवाल्यांनीही जोडीच मागितली म्हणून झालं. पुढे त्या नोंदीत नवीन टोपणनाव आलं, अलर्ट परत उठला, मुलगा अर्थातच तो नव्हता. साहेब म्हणाले, बघ, काय निघालं? अहो, काही निघालं नाही हे बघितल्यावरच कळतं ना! त्यांना ते अजून पटलेलं नाही.

तुम्ही एवढं करा, स्वतःची आणि समोरच्याची जन्मतारीख, जन्मठिकाण, पासपोर्ट नंबर, पैसे कशासाठी, सगळं एकाच मेलमध्ये पाठवा. कस्टमर केअरच्या पोरावर ओरडू नका, त्याला स्क्रीनवर काही दिसतच नाही. आणि पुढच्या वेळी अडू नये म्हणून नोंद ठेवा असं लेखी मागा, जोडी बांधून, नुसत्या नावावर नको.

हां, हे सगळं नावसाधर्म्यापुरतं. माणूस खरंच यादीतला निघाला तर बँकेच्या हातात काही नसतं, पैसे ताबडतोब गोठवायचे, त्याला आधी कळवायचंही नाही. नाव काढून घ्यायला १२६७ च्या यादीसाठी संयुक्त राष्ट्रांचा लोकपाल आहे, २००९ च्या ठरावाने नेमलेला; तालिबानची यादी २०११ ला तिच्यातून वेगळी झाली, तिला तो चालत नाही. शिवाय अमेरिकेची, युरोपियन युनियनची यादी वेगळी, बऱ्याच बँका सगळ्याच बघतात. तेव्हा कोणत्या यादीवर अडकलंय ते आधी विचारा. सांगतीलच असं नाही.