जुन्या कॉम्प्युटरमध्ये आधी काय बदलावं: प्रोसेसर, रॅम की ग्राफिक कार्ड?

मामेभावाचं ऐकू नका. प्रोसेसरला हात लावू नका.

तुम्ही लिहिलंय की घरचा कॉम्प्युटर २०१४ चा आहे, चौथ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्डडिस्क. चालू व्हायला पाच-सहा मिनिटं लागतात, क्रोम उघडलं की अडकतो. हाताशी आठ हजार रुपये आहेत आणि इंजिनीअर मामेभाऊ सांगतोय की सेकंडहँड आय-सेव्हन टाक, उरलेल्या पैशांत छोटं ग्राफिक कार्ड घे. हे वाचलं आणि हातातली लग्नपत्रिका बाजूला ठेवून लिहायला बसले. हाच सल्ला, जवळजवळ याच मशीनसाठी, २०१८ साली माझ्या थोरल्या दिरांनी मला दिला होता आणि मी तो ऐकला होता.

मी मिरजेत घरूनच डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायचं काम करते. लग्नपत्रिका, बिलबुकं, स्मरणिका, कुणाचा कवितासंग्रह. मराठी टायपिंगची ४० ची परीक्षा लग्नाआधीच पास झाले होते, पुढे पानं लावायचे पेजमेकर आणि कोरल हे प्रोग्रॅम शिकले. मशीन २०१४ च्या दिवाळीत असेंबल करून घेतलं: आय-थ्री ४१३०, एच-८१ चा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्डडिस्क. पहिली तीन वर्षं उत्तम चाललं. मग विंडोज १० टाकलं आणि हळूहळू सगळं जड होत गेलं. सकाळी बटण दाबायचं, कुकर लावायचा, तिसऱ्या शिट्टीला डेस्कटॉप दिसायचा. पेजमेकरमध्ये पान उलटलं की निळं चक्र फिरत बसायचं आणि समोर पत्रिकेची घाई असलेलं गिऱ्हाईक.

त्या वर्षी गणपतीला भाऊजी आले. ते पुण्यात आयटीत आहेत, त्यामुळे घरात या विषयावर त्यांचा शब्द शेवटचा. म्हणाले, "प्रोसेसर म्हणजे मेंदू. मेंदूच बदलून टाकू." मी म्हटलं, भाऊजी, कॅबिनेटवरचा तो बारका लाल दिवा आहे ना, तो हल्ली विझतच नाही, मशीन अडकलं की सलग पेटलेला असतो, त्याचं काही असेल का? तर सगळ्यांसमोर म्हणाले, "तू टायपिंग कर, हे माझ्यावर सोड." आरतीला जमलेली माणसं होती. मी गप्प बसले.

तो लाल दिवा हार्डडिस्कचा होता.

वापरलेला आय-सेव्हन ४७७० नऊ हजारांना आला. लग्नसराईत पत्रिकांचे जे पैसे साठवले होते त्यातले ते नऊ हजार. बसवला, चालू केलं. कुकरच्या शिट्ट्या तेवढ्याच. शिवाय पंखा ओरडायला लागला, कारण आय-थ्री ५४ वॅटचा आणि हा ८४ वॅटचा, पण डोक्यावरचा कूलर जुनाच, आय-थ्रीबरोबर आलेला. कुठला भाग किती राबतोय ते विंडोजचा टास्क मॅनेजर दाखवतो, तो एकदा उघडून बघितला: सीपीयू म्हणजे प्रोसेसर ६ टक्के, डिस्क १०० टक्के. चार कोअरचा नवा मेंदू हात बांधून बसलेला आणि डिस्क धापा टाकतेय. भाऊजींना फोन केला, तर म्हणाले, व्हायरस असेल, फॉरमॅट मार.

डिसेंबरात एका पतसंस्थेची स्मरणिका हातात होती. ९६ पानं, म्हणजे सोळा-सोळा पानांचे सहा फॉर्म. चार फॉर्म लागून झाले होते, पहिली प्रुफं काढून झाली होती. त्या रात्री साडेदहाला कॅबिनेटमधून आवाज सुरू झाला. टक. थांबायचा. टक, टक. परत चालू केलं तर काळ्या पडद्यावर डिस्क सापडत नाही एवढंच. डेटा परत काढून द्यायचे पंधरा हजार सांगितले, तेही मिळेलच असं नाही. पेनड्राइव्हवर फक्त पहिला फॉर्म होता.

मग चार रात्री आम्ही ती पानं परत लावली. मशीन शेजारणीकडून मागून आणलेलं. माझ्या सासूबाई सातवी शिकलेल्या, चष्मा लावून प्रूफ हातात धरून वाचायच्या, मी टाइप करायची. पहिल्या रात्री त्या नुसतं वाचत होत्या. दुसऱ्या रात्रीपासून स्वतःहूनच सांगायला लागल्या, "पहिली वेलांटी", "दुसरा उकार", "इथं स्वल्पविराम आहे गं". संचालकांची नावं आणि ठेवींचे आकडे त्या दोनदा वाचायच्या. ६४ पानांपैकी ४८ पानं अशी उभी राहिली. स्मरणिका वेळेत गेली. पण हार्डडिस्क मरणाच्या दारात असताना आम्ही नऊ हजारांचा प्रोसेसर घेतला होता, हे मला आजही सहन होत नाही.

नवी डिस्क बसवायला आमच्या गल्लीतला आयटीआय केलेला एक मुलगा आला. त्याने एकच प्रश्न विचारला: "काकू, हार्डडिस्क कशाला, एसएसडी का नाही?" एसएसडी म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क. २४० जीबीची सत्तावीसशेला आली. कॅबिनेट उघडून त्याने आधी ब्लोअरने चार वर्षांची धूळ उडवली. मग बोर्डावरचे पोर्ट दाखवले: एच-८१ वर चारांपैकी दोनच सहा गिगाबिटचे असतात, बाकीचे दोन निम्म्या वेगाचे, एसएसडीची केबल वेगवानात लावायची. बोर्डावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. विंडोज नव्याने टाकलं. बटण दाबलं आणि वीस सेकंदांच्या आत डेस्कटॉप.

भाऊजींना कळवलं. उत्तर आलं, "बघ, आय-सेव्हनमुळे."

तेव्हा मी त्या मुलाला परत बोलावलं. काढलेला आय-थ्री मी सुपारीच्या डबीत जपून ठेवला होता. पेस्ट लावून तो परत बसवायला सांगितला, एसएसडी तीच, रॅम तीच. मोबाइलवर घड्याळ लावून तीन-तीनदा मोजलं. आय-सेव्हनवर १८, १९, १८ सेकंद. आय-थ्रीवर २०, २१, २०. स्मरणिकेची फाइल उघडायला दोन्हीकडे सारखाच वेळ. कोरलमधून मोठी पीडीएफ काढताना मात्र आय-सेव्हन पुढे होता, ४० सेकंद विरुद्ध ५५. तेही मी लिहून ठेवलंय. नऊ हजारांत दोन सेकंद मिळाली, सत्तावीसशेत पाच मिनिटं.

कारण साधं आहे. हार्डडिस्कची तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते. हवी ती जागा सुईखाली येईपर्यंत सरासरी चार मिलिसेकंद थांबायचं, सुई सरकायचा वेळ वेगळा. विंडोज चालू होताना हजारो बारक्या फाइली वाचते आणि प्रत्येकीला हे थांबणं आहेच. त्यात रॅम, म्हणजे चालू काम ठेवायची तात्पुरती जागा, ४ जीबी. ती भरली की विंडोज हार्डडिस्कचाच एक तुकडा रॅमसारखा वापरते, म्हणजे आधीच दमलेल्याच्या पाठीवर आणखी पोतं. तुमचं क्रोम तिथेच अडकतं. एसएसडीत फिरणारं काही नाही, त्यामुळे हे थांबणं जवळजवळ संपतं.

तर तुमचं उत्तर. आज रात्री कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि मशीन अडकलेलं असताना डिस्क आणि मेमरीचे आकडे बघा, शक्य तर फोटो काढून मामेभावाला पाठवा. मग २.५ इंची साटा एसएसडी घ्या, ती हार्डडिस्कच्याच केबलला लागते. थेट बोर्डात खोचायची एम.टू वाली पट्टी कुणी गळ्यात मारली तर घेऊ नका, या काळातल्या बहुतेक बोर्डांवर ती बसायला जागाच नसते. त्यानंतर रॅम ८ जीबी करा. दोन्ही मिळून तुमच्या आठ हजारांत आरामात बसतं. जुनी हार्डडिस्क चांगली असेल तर आतच राहू द्या, फोटो वगैरे ठेवायला, पण महत्त्वाचं काही फक्त तिच्यावर ठेवू नका. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते पिवळं 'कॉशन' दाखवत असेल तर त्याच दिवशी सगळं दुसरीकडे उतरवून घ्या. मी हे २०१८ च्या गणपतीत केलं असतं तर त्या चार रात्री वाचल्या असत्या.

ग्राफिक कार्ड तुम्हाला नको. गेम खेळत नाही असं तुम्हीच लिहिलंय. जादा केबल न लागणारं कार्डसुद्धा स्लॉटमधून ७५ वॅटपर्यंत ओढू शकतं आणि दहा-बारा वर्षांच्या स्वस्त एसएमपीएसवर, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, तेवढा भार टाकायची माझी हिंमत नाही. आठ हजारांतून काही उरलं तर ते एसएमपीएसला घाला. आमच्याकडे लाइट जाते-येते, त्यामुळे मी यूपीएसची बॅटरीही वेळेवर बदलते.

आता एक गोष्ट जी आधीच सांगायला हवी होती. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेटची वाढीव सोय आहे, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. विंडोज ११ मोजके अपवाद सोडले तर इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालतं, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय मशीनमध्ये लागते. तुमचं मशीन त्यात बसत नाही. म्हणून बँकेचे व्यवहार त्यावर करायचे असतील तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टीम टाकायचा विचार करा, ब्राउझर आणि पत्रं लिहिण्यापुरतं ते छान चालतं. माझा पेजमेकर विंडोजसाठीच बनलेला आहे, म्हणून मी विंडोजवरच आहे, आणि त्या मशीनचं इंटरनेट मी काढून टाकलंय. घरात कुणी व्हिडिओ एडिटिंग करणार असेल तर मात्र या मशीनवर एक रुपयाही घालू नका, नव्यासाठी साठवा. आणि मामेभावाला हेही सांगा की तो म्हणतोय तो आय-सेव्हनही चौथ्याच पिढीचा आहे, विंडोज ११ च्या दारात तोही आय-थ्रीइतकाच बाहेर उभा राहतो.

एसएसडी उद्या नव्या मशीनला लागेल. तुमच्या मशीनची डीडीआर-थ्री जातीची रॅम नव्याला लागणार नाही, खाचच वेगळी असते. म्हणून रॅम सेकंडहँड घ्या आणि ८ च्या पुढे जाऊ नका. दुकानात जाताना घरची पट्टी काढून बरोबर न्या, शेजारी धरून खाच जुळवून बघा. आणि डिस्क बदलायला मशीन दुकानात सोडलंत तर जुनी हार्डडिस्क परत मागून घ्या, बिघडलेली असली तरी. घरातले सगळे फोटो आणि कागद तिच्यात असतात.